गाडीचा रोबो : किंमत आधी, रूप नंतर

आंगणेवाडीच्या किंवा कुणकेश्वरच्या जत्रेत मिळणारा ‘गाडीचा रोबो’, म्हणजे गाडी उलगडली की रोबो होणारं खेळणं, आणि खोक्यातला महागडा ट्रान्सफॉर्मर, दोघांचं घराणं एकच. जपानच्या ताकारा कंपनीने 1980 मध्ये डायक्लोन ही खेळण्यांची मालिका काढली, 1983 मध्ये मायक्रो चेंज. हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने दोन्हींतली खेळणी उचलून 1984 मध्ये अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्स आणली. पोलादी साचे तयारच होते, म्हणजे नव्या खेळण्यातला सगळ्यात जड खर्च टळला. नावं, स्वभाव, आपसांतलं वैर हे सगळं मागाहून आलं.

साच्याचा खर्च नगांवर वाटला जातो, त्यामुळे त्यातून जितकं काढता येईल तितकं काढायचं. स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवॉर्प ही तीन ट्रान्सफॉर्मर विमानं एकाच साच्यातली, फरक रंगाचा. आजही धड तेच ठेवून नुसतं डोकं बदलतात. आपल्या शेजारी, गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूल कंपनीने हॅस्ब्रोचे जुने साचे वापरून जी.आय. जो या सैनिकांच्या बाहुल्या काढल्या, त्यांचे रंग मूळ बाहुल्यांपेक्षा कितीतरी वेगळे.

रंगाचं गणित आतून असं आहे. खांदा, तळवा, चाकामागचा पत्रा असे भाग साच्यात एकाच फांदीवर (वितळलेलं प्लॅस्टिक भागांपर्यंत नेणारी वाट) ओतले जातात आणि एका फांदीत प्लॅस्टिक एकाच रंगाचं जातं. तळवा पांढरा हवा असेल, तर त्याला वेगळी फांदी द्या नाहीतर वरून रंगवा. रंगवायचं तर प्रत्येक रंगासाठी वेगळा झाकणपत्रा (बाकीचा भाग झाकून हवा तिथेच रंग लागू देणारा) आणि रंगाचा वेगळा हात. म्हणून पाठ आणि मांडीची आतली बाजू बहुधा कोरीच राहते.

रोबोचे हात पोकळ दिसले की गिऱ्हाईक कंजुषी म्हणतं. ती आहेच, पण अर्धीच. भिंत 2 मिमीऐवजी 4 मिमी केली, तर थंड व्हायला साधारण चौपट वेळ लागतो आणि पृष्ठभागावर खड्डाही पडतो.

दुकानदाराला ठरावीक किंमत आणि ठरावीक खोकं लागतं. डीलक्स, व्हॉयेजर, लीडर हे ट्रान्सफॉर्मर्सचे आकार-किमतीचे टप्पे त्यातूनच आले. टप्पा ठरला की किती भाग वापरायचे तेही ठरतं. एक बिजागरी वाढवायची म्हणजे दोन भाग आणि एक पिन जास्त. ते परवडत नाही, तेव्हा गाडीचं अख्खं छप्पर रोबोच्या पाठीवर लोंबकळत राहतं.

भारतात खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 मध्ये 70 वर. 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्हही सक्तीचं झालं. मोठं खोकं आणखी महागलं.

जत्रेतल्या रोबोला किंमत याहून कडक. एक स्प्रिंग, एक बटण, तीन-चार बिजागऱ्या, पिना साध्या लोखंडाच्या. खाऱ्या हवेत आधी पीन गंजते, मग सांधा अडतो, पोर जोर लावतं आणि पिनेभोवतीचा प्लॅस्टिकचा कान तुटतो. घेताना पीन उघडी दिसते का ते बघावं. सांधा घट्ट वाटला तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल घातलं तर वाळू चिकटून तो आणखी आवळतो.