अनलेस
अनलेस हे इंग्रजीतील गौणत्वसूचक, त्यातही संकेतबोधक, उभयान्वयी अव्यय आहे. मुख्य वाक्यातले विधान कोणत्या एका परिस्थितीत लागू पडणार नाही, ते या अव्ययाने जोडलेले वाक्य सांगते.

हा शब्द १५व्या शतकातील 'ऑन लेस दॅन', म्हणजे 'याहून कमी अटीवर', या शब्दसमूहातून घडला. फ्रेंचमधील 'आ म्वँ क' याची रचना अशीच आहे. पुढे 'दॅन' गळाला, उरलेले दोन शब्द एकजीव झाले, आणि आघात नसलेल्या 'ऑन'चा 'अन' होताना अर्थातील नकारामुळे 'अन' या नकारार्थी उपसर्गाचाही प्रभाव पडला असावा. मुळात मात्र हा तो उपसर्ग नव्हे.

पुण्यात मुख्यालय असलेल्या राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकांमुळे हे अव्यय मराठी विद्यार्थ्यांच्या चांगले परिचयाचे आहे. 'इफ'चे वाक्य 'अनलेस' वापरून पुन्हा लिहिताना 'नॉट' काढायचे, हा नियम पेठांतल्या क्लासपासून उपनगरांतल्या शाळांपर्यंत पाठ करून घेतला जातो. 'अनलेस यू डोन्ट स्टडी' ही नेहमीची चूक त्याने टळते. पण 'अनलेस' म्हणजे 'इफ नॉट' हे समीकरण अपुरे आहे. 'तो आला नाही तर मला आश्चर्य वाटेल' या वाक्यात न येणे हेच आश्चर्याचे कारण असल्याने तिथे 'अनलेस' चालत नाही, कारण ते अपवाद दाखवते, कारण नव्हे.

मराठीत 'अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस' ही रचना त्याला सर्वांत जवळची आहे. तिला एक मर्यादा आहे आणि शिकवताना तिच्याकडे लक्ष वेधायलाच हवे: '-ल्याशिवाय'नंतर मुख्य वाक्य सहसा नकारार्थी लागते. 'वुई विल गो टू सिंहगड अनलेस इट रेन्स' याचे 'पाऊस पडल्याशिवाय आम्ही सिंहगडावर जाऊ' असे भाषांतर कोणत्याही मराठी कानाला खटकेल. तिथे 'पाऊस पडला नाही तर' असेच म्हणावे लागते. 'जोपर्यंत पाऊस पडत नाही तोपर्यंत' हा पर्याय अटीऐवजी कालावधी सुचवतो, म्हणून तो इथे टाळावा.

भविष्यकाळाबद्दल बोलतानाही 'अनलेस'नंतर सामान्यतः साधा वर्तमानकाळ येतो, जसे वरील वाक्यात 'रेन्स'. करारनाम्यांत व नियमावल्यांत 'अनलेस अदरवाइज स्पेसिफाइड' हा प्रयोग रूढ असून 'अन्यथा नमूद केले नसल्यास' हे त्याचे मराठी रूप कार्यालयीन लेखनात आढळते.