गोड, कोरडी आणि पुन्हा गोड

प्रत्येक पदार्थासोबत वेगळी वाईन ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. अठराव्या शतकातल्या युरोपीय मेजवानीत बरेचसे पदार्थ एकदमच मांडले जात, साधारण आपल्या भरल्या ताटासारखे. एकेक पदार्थ आणून वाढायची ‘रशियन’ रीत पश्चिम युरोपात रुजली ती एकोणिसाव्या शतकात. त्याच शतकात जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठच्या उत्तम रीसलिंगला, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या पांढऱ्या वाईनला, फ्रान्समधल्या बोर्दोच्या नामांकित वाईनइतका भाव मिळत होता.

त्या प्रतिष्ठेत उशिरा खुडलेल्या द्राक्षांचा मोठा वाटा. १७७५ साली ऱ्हाइनकाठच्याच योहानिसबर्गच्या मळ्यात तोडणीची परवानगी घेऊन येणारा स्वार रखडला, तोवर द्राक्षांवर बुरशी चढली, तरी वाईन केली आणि ती अप्रतिम निघाली, अशी कथा सांगतात. ‘श्पेटलेझे’ म्हणजे उशिराची तोडणी. १९७१च्या जर्मन कायद्याने काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे ही उतरंड रसातल्या साखरेवर बेतली. गोची इथेच आहे: ही साखर द्राक्षातली, ग्लासातली नव्हे. ती पूर्ण आंबवली तर श्पेटलेझेसुद्धा कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, होते, मग लेबलवर ‘ट्रॉकेन’ (कोरडी) लिहितात. पण परदेशात खपली ती लीबफ्राउमिल्खसारखी स्वस्त, गोडसर वाईन, आणि जर्मन म्हणजे गोड हा शिक्का बसला.

ऑस्ट्रियाला धक्का बसला १९८५ मध्ये. वाईन दाट आणि गोड लागावी म्हणून काहींनी त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळल्याचे उघड झाले. निर्यात कोसळली, त्याच वर्षी कडक कायदा आला. ऑस्ट्रियातल्याच वाखाउ भागातल्या उत्पादकांनी १९८३ मध्येच संघटना उभारली होती. श्टाइनफेडर, फेडरश्पील, स्मारागड या त्यांच्या तिन्ही श्रेणी कोरड्याच. २००२ मध्ये लंडनमधल्या चाखणीत, नावे झाकलेली असताना, ग्रुनर वेल्टलिनर या ऑस्ट्रियन पांढऱ्या वाईनने फ्रान्समधल्या बरगंडीच्या शार्डोने वाईनना मागे टाकले.

म्हणून आज प्रत्येक पदार्थासोबत वेगळी वाईन देणाऱ्या जेवणात मिरीसारखा वास असलेली वेल्टलिनर शतावरीला किंवा श्नित्सेलला (चुरा लावून तळलेल्या मांसाच्या कापाला), तर जर्मनीतल्या मोझेलची हलकी, आंबटगोड काबिनेट तिखट पदार्थाला देतात. ही दुसरी जोडी मला जास्त पटते, कारण जास्त अल्कोहोलची वाईन तिखटाची आग वाढवते. शेवटी गोडाच्या पदार्थाबरोबर ऑस्ट्रियातल्या रुस्ट गावची आउसब्रुख ही गोड वाईन येते. तिच्या द्राक्षांवरही योहानिसबर्गच्या कथेतली तीच बुरशी असते.