ब्लोअर फक्त चारवरच का फिरतो?

गेल्या आषाढात ताम्हिणी घाट चढत होतो. गाडी वडिलांची, १९९६ सालची, कार्ब्युरेटरवाली. बाहेर मुसळधार पाऊस, आत चार माणसं आणि पुढची काच आतून पांढरीफटक. ब्लोअरचा, म्हणजे आत हवा सोडणाऱ्या पंख्याचा, नॉब एकवर फिरवला, दोनवर, तीनवर, काहीच नाही. चारवर नेला आणि डॅशबोर्डमधून एकदम वादळ सुटलं. काच दोन-तीन मिनिटांत स्वच्छ झाली, पण पौडपर्यंत एकमेकांशी ओरडून बोलावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये निदान झालं, "साहेब, मोटर गेली. अख्खा ब्लोअरच बदलावा लागेल." जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या कितीतरी जणांनी हेच वाक्य ऐकलंय आणि विनाकारण पैसे मोजलेत. मोटर गेली असती, तर चारवर फिरली कशी?

हाच पंखा हीटरची गरम हवा सोडतो, म्हणून आधी हीटरबद्दलचा एक गैरसमज दूर करतो. हीटर लावला की पेट्रोल जास्त जातं, असं पुष्कळांना वाटतं. एसीच्या बाबतीत ते खरं आहे, कारण त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाला फिरवावा लागतो. हीटर मात्र इंजिनाने टाकून दिलेल्या उष्णतेवर चालतो. पेट्रोल जळून मिळणाऱ्या ऊर्जेतला फार तर पाव ते तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. बाकीची ऊर्जा धुराड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. त्यातलंच थोडं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरवायचं आणि त्यावरून पंख्याने हवा सोडायची, एवढाच हीटर. मिनिटाला ५ लिटर पाणी तिथे १० अंशांनी थंड झालं, तरी साडेतीन किलोवॅट उष्णता मिळते. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचे ‘इन्स्टंट हीटर’ ऑनलाइन विकले जातात, त्यांच्याशी याची तुलना करा. त्या सॉकेटचा फ्यूज १० ते १५ अँपिअरचा, म्हणजे १२ व्होल्टला फार तर १८० वॅट. एवढ्यात काच सुकत नाही. ते घेऊ नका.

जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये तर पाणीच नव्हतं. तिचं इंजिन हवेवर थंड होणारं, त्यामुळे एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती खोळ बसवून तिथली गरम हवा आत घेत. नळीला गंजून भोक पडलं तर कार्बन मोनॉक्साइड थेट माणसांपर्यंत येऊ शकतो. बीटल सांभाळणाऱ्यांनी ती नळी दरवर्षी तपासायलाच हवी.

आता आपला पंखा. मोटर १२ व्होल्टची आणि डीसी. तिचा वेग कमी करायचा तर तिला मिळणारा विजेचा दाब (व्होल्टेज) कमी करायला हवा. जुन्या गाड्यांत त्यासाठी मोटरच्या आधी रेझिस्टर जोडलेला असतो: छोट्या पट्टीवर तारेच्या तीन स्प्रिंगा, एकापुढे एक. नॉब एकवर असताना वीज सगळ्या स्प्रिंगांतून जाते. दोनवर एक स्प्रिंग वगळली जाते, तीनवर आणखी एक. चारवर सगळी पट्टीच बाजूला राहते आणि मोटरला थेट बॅटरीची वीज मिळते. पट्टी जळाली की चौथा वेग तेवढा उरतो, तो यामुळे.

पण ती जळते कशामुळे? हा भाग मला मनापासून आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हिशेबासाठी ढोबळ आकडे घेऊ. इंजिन चालू असताना दाब साडेतेरा व्होल्ट. चारवर मोटर १२ अँपिअर ओढते. एकवर वाटेत २ ओहमचा रेझिस्टर आहे आणि ४ अँपिअर वाहतात. म्हणजे ८ व्होल्ट रेझिस्टरमध्येच खर्च झाले, मोटरच्या वाट्याला साडेपाच आले. रेझिस्टरमधली उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध: ४ × ४ × २ = ३२ वॅट. साध्या सोल्डरिंग आयर्नएवढी. म्हणून ही पट्टी मुद्दाम पंख्याच्या झोतात बसवलेली असते. पंखा आपल्याच रेझिस्टरला वारा घालतो.

आता पंखा अडकला असं समजा. फिरणारी मोटर स्वतःही थोडी वीज तयार करते आणि ती येणाऱ्या विजेला विरोध करते. मोटरचा प्रवाह आटोक्यात राहतो तो मुख्यतः या विरोधामुळे. फिरणं थांबलं की हा विरोध शून्य. उरतो फक्त वायंडिंगचा रोध, समजा ०.४ ओहम. एकूण २.४ ओहम, म्हणून प्रवाह ५.६ अँपिअर आणि रेझिस्टरमधली उष्णता ६३ वॅट. उष्णता दुप्पट झाली आणि नेमका त्याच वेळी वारा बंद पडला! फ्यूज इथे उडत नाही, कारण ५.६ अँपिअर म्हणजे चारवरच्या १२ अँपिअरच्या निम्म्याहून कमी. फ्यूजच्या लेखी सगळं आलबेल आहे.

याच कारणासाठी पट्टीवर आणखी एक छोटा थर्मल फ्यूज असतो. तो प्रवाह मोजत नाही; ठराविक तापमानाला वितळून वाट तोडतो. पट्टी काढून पाहिली, तर आमच्या गाडीत तोच गेला होता, स्प्रिंगा शाबूत होत्या. काही ठिकाणी तिथे तारेचा तुकडा जोडून देतात. असं कधीही करू देऊ नका. पुढच्या वेळी पंखा अडकला तर आसपासचं प्लास्टिक वितळेल. त्याच तापमानाचा नवा थर्मल फ्यूज घालावा आणि तो डाग (सोल्डर) न देता दाबून बसवावा, नाहीतर डाग देतानाच वितळतो.

नवा बसवला तरी पंखा जड का झाला होता, ते शोधणं बाकी होतं. ब्लोअर खाली उतरवला आणि वर्तमानपत्रावर उपडा केला. गुलमोहराच्या पानांचा ढीग पडला. त्याची पानं नखाएवढीही नसतात, काचेखालच्या जाळीतून सरळ आत जातात. पंख्याच्या पात्यांमध्ये त्यांचा नमद्यासारखा घट्ट थर बसला होता आणि शाफ्ट ज्या कड्यात फिरतो ते बुश कोरडं पडलं होतं. दर शनिवारी न चुकता लिंबू-मिरची बदलणारी मंडळी आमच्याच सोसायटीत आहेत. तेवढ्याच नेमाने त्यांनी ही जाळी झाडली, तर गाडीचं खरोखर भलं होईल.

पाती दाढीच्या जुन्या ब्रशने साफ केली, मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश अजून बोटाच्या पेराएवढे लांब होते म्हणून तसेच ठेवले, बुशला मशीन ऑइलचे दोन थेंब दिले. खर्च थर्मल फ्यूजचा आणि एका रविवारचा. आता नॉब एकवर असताना आवाज येत नाही. काचेच्या कडेला हात नेला की वारा लागतो. गाडी मात्र अजून गुलमोहराखालीच लागते, सोसायटीत दुसरी जागा मिळालेली नाही.