ब्राँझचा पुतळा घडवून घेण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या सांगलीच्या कार्यशाळेत पुतळ्याची चौकशी करायला येणारी मंडळी बहुधा तीनच गोष्टी विचारतात : उंची किती ठेवायची, खर्च किती येईल आणि जयंतीपर्यंत काम होईल का. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे येतीलच. परंतु आपल्या माणसाची आठवण आपण ज्याच्या हाती सोपवणार, त्याची नजर कशी घडली आणि तो पुतळा कशाला म्हणतो, हे आधी जाणून घेण्याचा आपल्याला हक्क आहे. म्हणून या कार्यशाळेचा शिल्पकार या नात्याने मी हा मजकूर स्वतः लिहीत आहे.

माझे वडील पलूस परिसरातील एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे कारागीर, होते. साच्याची वाळू तयार झाली की नाही, हे ते मुठीने ठरवत. वाळू मुठीत घट्ट दाबायची, मूठ उघडायची आणि तो गोळा मधोमध मोडायचा. मोडलेल्या कडा धारदार राहिल्या तर वाळू जमली, कडा ढासळल्या तर पाणी कमी आणि तळव्याला चिकटली तर पाणी जास्त. मी शाळेत जाण्यापूर्वी हे शिकलो. शिल्पकलेची आवड मात्र सातारा जिल्ह्यातील औंधमुळे लागली. शाळेच्या सहलीत यमाईच्या डोंगरावरील श्रीभवानी संग्रहालय पाहिले, तेव्हा हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या ‘माता आणि मूल’ या दगडी शिल्पासमोर मी इतका वेळ उभा राहिलो की गुरुजींना मला हाताला धरून बाहेर आणावे लागले. गावच्या चौकात पाहिलेल्या पुतळ्यांपेक्षा ते सर्वस्वी वेगळे होते.

हे संग्रहालय औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारले. पलूसजवळच्या कुंडलच्या माळावर कारखान्यासाठी लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली जागा दिली तीही त्यांनीच, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्या कारखान्याने या पट्ट्यात ओतकामाची विद्या रुजवली. वडिलांची भट्टी आणि औंधला पाहिलेले ते शिल्प या दोन्हींचे धागे एकाच संस्थानापाशी जातात, याचे मला आजही अप्रूप वाटते.

पुढे मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिल्पकलेचे शिक्षण झाले आणि त्यानंतर काही वर्षे एका ओतशाळेत मेणकाम व चेसिंग (ओतलेल्या धातूचा पृष्ठभाग हत्यारांनी साफ व रेखीव करणे) केले. शिक्षण संपत आले असताना अलिबागजवळच्या सासवणे येथे शिल्पकार नानासाहेब करमरकरांच्या घरी गेलो. ते घर आता त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. पुण्यात १९२८ साली उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणाऱ्या या माणसाने आपल्या गावची माणसे आणि जनावरे त्याच मायेने घडवलेली आहेत. थोर पुरुष घडवायचा असेल तर आधी साधा माणूस बसतो कसा, उठतो कसा, ओझे उचलताना कोणत्या पायावर भार देतो, हे यावे लागते, ही गोष्ट मी तेथून घेऊन आलो.

आम्ही पुतळा कशाला म्हणतो

चेहरा जुळला म्हणजे पुतळा झाला, असे आम्ही मानत नाही. दाढी आणि घोंगडी दाखवली की कर्मवीर भाऊराव पाटील कोणालाही ओळखू येतात; परंतु ती ओळख दाढीची आणि घोंगडीची असते. माणूस त्याच्या उभे राहण्यात असतो. त्याची मान पुढे झुकलेली होती की मागे रेललेली, बोलताना त्याचा हात उघडा असे की मिटलेला, आयुष्यभराच्या कामाने त्याच्या पाठीला कोणता बाक आणला होता, हे सापडले की चेहरा आपोआप जागेवर येऊ लागतो.

काही वर्षांपूर्वी तासगाव तालुक्यातील एका गावाने दिवंगत मुख्याध्यापकांचा अर्धपुतळा करायला दिला होता. सत्काराच्या वेळी काढलेल्या, सरळ समोरून घेतलेल्या एका छायाचित्रावरून मातीचे मॉडेल तयार झाले आणि समितीने ते पसंतही केले. शेवटी सरांच्या पत्नी आल्या. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, “हात लावू का?” आणि मॉडेलच्या उजव्या खांद्यावर तळवा ठेवून तो हलकेच खाली दाबला. “हा एवढा वर नव्हता. वह्यांची पिशवी ह्याच खांद्याला असायची, तीस वर्षं.” माती ओली होती, त्यामुळे त्यांच्या बोटांचे ठसे तिथे उमटले. मी त्या दाबाप्रमाणे खांदा अर्धा इंच उतरवला, त्याबरोबर मान किंचित डावीकडे वळवावी लागली, आणि त्यानंतर समितीतील एकालाही ‘सर’ हा शब्द उच्चारल्यावाचून त्या मॉडेलकडे पाहता येईना. ते ठसे मी पुसले नाहीत. ते आज ब्राँझमध्ये आहेत.

या कारणासाठी आमची आपल्याला आग्रहाची विनंती आहे की छायाचित्रे आणताना केवळ समोरून काढलेली आणू नयेत. बाजूने, पाठीमागून, चारचौघांत बसलेले असताना, शेतात किंवा कचेरीत काम करताना काढलेली, मग ती धूसर असली तरी चालतील. चष्मा, काठी, वहाणा, टोपी यांपैकी काही जपून ठेवलेले असेल तर काही दिवसांसाठी द्यावे. झिजलेली वहाण माणसाच्या चालीबद्दल छायाचित्रापेक्षा अधिक सांगते. आणि पसंतीच्या दिवशी घरातील एक तरी असे माणूस सोबत असावे, ज्याने त्या व्यक्तीला रोज पाहिले आहे. पुतळा चौकात उभा राहिल्यावर लोक त्याच्या चारही बाजूंनी वावरतात, म्हणून पाठीची पसंतीही आम्ही समोरच्या बाजूइतकीच गंभीरपणे घेतो.

बदल सुचवण्याची वेळ ही मातीची वेळ आहे. शाडूत नाक दोन सूत कमी करणे हे दहा मिनिटांचे काम असते. धातूत तेच करायचे तर तो भाग कापून, नव्याने ओतून, वेल्डिंगने जोडावा लागतो आणि पूर्वीचा जिवंतपणा परत येईलच असे नाही. तेव्हा मातीपुढे संकोच करू नये. सहा वेळा यावे लागले तरी यावे.

माती ते धातू

मातीवरून साचा घेतला जातो, साच्यातून पाच-सहा मिलिमीटर जाडीचे पोकळ मेण काढले जाते, मेणाच्या आतबाहेर उष्णता सोसणारे लेपन करून तयार झालेला हा दुसरा साचा भाजतात, मेण वितळून निघून जाते आणि त्या रिकाम्या जागेत ब्राँझ ओततात. आपल्याकडे या पद्धतीला मधूच्छिष्टविधान असे जुने नाव आहे. मेणाच्या सुमारे नऊ ते दहा पट वजनाचा धातू लागतो, म्हणून मेणाचे वजन हाच आमच्या अंदाजपत्रकाचा पाया असतो. धातू थंड होताना दीड ते दोन टक्के आकसतो. सहा फुटी पुतळ्यात हा फरक सव्वा इंचाच्या आसपास जातो आणि तो मातीतच वाढवून धरावा लागतो.

पोकळ पुतळा म्हणजे फसवणूक, असा एक समज अजून ऐकू येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा ही प्राचीन धातुशिल्पे भरीव ओतलेली आहेत, आणि त्या चारांचेच वजन साठ किलोंहून अधिक भरते. त्यांतला सर्वांत लांब असलेला रथ अवघा ४५ सेंटिमीटरांचा आहे. याच रीतीने पूर्णाकृती पुतळा ओतला तर त्याचे वजन कित्येक क्विंटल होईल आणि जाड भाग थंड होताना आतून तडकण्याचा धोका राहील. एकसारख्या जाडीची पोकळ भिंत हेच चांगल्या ओतकामाचे लक्षण आहे.

उंचीबाबत एक हिशेब लक्षात ठेवावा. सहा फुटांऐवजी नऊ फुटांचा पुतळा करायचा म्हटले की खर्च दीडपट होईल असे वाटते. प्रत्यक्षात भिंतीची जाडी तीच ठेवली तरी पृष्ठभाग सव्वादोन पट होतो आणि धातूही तितकाच वाढतो. चौक लहान असेल, तर उंची कमी ठेवून कामावर अधिक वेळ द्यावा, असा सल्ला आम्ही स्वतःहून देतो, जरी त्यात आमची रक्कम कमी होत असली तरी.

मुदतीविषयी. स्वतःची कार्यशाळा सुरू केल्याच्या पहिल्याच वर्षी, आषाढात, दिलेला शब्द पाळण्याच्या घाईने मी एक साचा पुरता भाजण्यापूर्वी ओतला. बाहेरून तो कोरडा दिसत होता, आत ओल होती. धातू आत जाताच वाफ झाली, रस उसळून बाहेर आला आणि पुतळ्याचा संपूर्ण हात वाया गेला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. वडिलांनी मुठीत वाळू मोडून दाखवलेला धडा मला त्या दिवशी खरा कळला. तेव्हापासून पूर्णाकृतीसाठी आम्ही आठ ते दहा महिने मागतो. १९ फेब्रुवारीला किंवा १४ एप्रिलला अनावरण करायचे असेल, तर आदल्या पावसाळ्याच्या तोंडाशीच माती उभी राहिलेली असावी.

सार्वजनिक जागेतील पुतळ्यासाठी शासनाची परवानगी आवश्यक असते आणि मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. या दोन्हींना लागणारा काळ आमच्या मुदतीत धरलेला नसतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील पुतळा कोसळल्यापासून सांगाड्याची विचारणा होऊ लागली आहे, आणि ती व्हायलाच हवी. साधे लोखंड ब्राँझला चिकटून राहिले व त्यात ओल शिरली, तर लोखंड झपाट्याने गंजते. त्यामुळे आतील सांगाडा आम्ही स्टेनलेस स्टीलचा करतो, त्याचा आराखडा स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घेतो, पाणी निचरण्यासाठी तळाशी छिद्रे ठेवतो आणि पुतळा बंद करण्यापूर्वी आतील जोडांची छायाचित्रे आपल्या हाती देतो.

पुतळा घरी किंवा चौकात आल्यानंतर

पुतळ्याचा तपकिरी-काळसर रंग हा वरून फासलेला रंग नसतो. तापवलेल्या धातूवर रसायनांची प्रक्रिया करून तो आणलेला असतो आणि त्यावर मेणाचा पातळ थर असतो. दसऱ्याला किंवा जयंतीला पुतळा चिंच, लिंबू वा भांड्यांच्या पावडरीने घासून चकचकीत करण्याची पद्धत श्रद्धेतून आलेली आहे, हे आम्ही जाणतो. परंतु एका सकाळच्या घासण्याने तो रंग निघून जातो आणि नाक, ओठ, बोटे यांवरील बारकावा दरवर्षी थोडा थोडा झिजत राहतो. सोनेरी ऑइलपेंट तर कधीही लावू नये. दुधाचा अभिषेक केल्यास लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे, आणि ओले हार दुसऱ्या दिवशी उतरवावेत. एरवी साधे पाणी, मऊ सुती फडके, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर एकदा मेणाचा हात एवढे पुरते. मेण लावण्याचे काम पहिली दोन वर्षे आम्ही स्वतः येऊन विनामूल्य करतो व त्या वेळी गावातील एखाद्या तरुणाला ते शिकवून ठेवतो.

पहिल्या भेटीसाठी आगाऊ रक्कम लागत नाही. छायाचित्रे, जपून ठेवलेल्या वस्तू आणि त्या व्यक्तीला जवळून ओळखणारे एक माणूस घेऊन यावे. बसायला वेळ काढून यावे.