डॉक्टर गेल्यावर सिस्टरला विचारलेला प्रश्न

निदान बहुतेक वेळा डॉक्टरच सांगतात. पण ते खोलीबाहेर पडले की पेशंट सिस्टरकडे वळतो, "म्हणजे नक्की काय झालंय मला?" नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची तयारी करून घ्यायची ती या क्षणासाठी.

अनेक ठिकाणी वाईट बातमी सांगण्याची 'स्पाइक्स' ही सहा पायऱ्यांची पद्धत शिकवतात. कर्करोगतज्ज्ञ रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००० साली मांडली. आधी निवांत जागा बघून बसायचं; मग पेशंटला काय ठाऊक आहे आणि किती ऐकायचंय हे विचारायचं; नंतर माहिती, भावनांना प्रतिसाद आणि शेवटी पुढची आखणी. पायऱ्या एका तासात पाठ होतात. विद्यार्थी अडखळतात ते पाचवीवर, म्हणजे भावनांना प्रतिसाद देताना.

पेशंट रडू लागला की शिकाऊ नर्स घाबरून बोलत सुटते. "काळजी करू नका" हे वाक्य तर आपोआपच तोंडातून निघतं, आणि पेशंटला त्यातून ऐकू येतं की हा विषय इथेच संपला. धक्का बसलेल्या माणसाच्या डोक्यात तपशील शिरतच नाहीत, म्हणून त्या वेळी दिलेली औषधांची माहितीही वाया जाते. अशा वेळी दहा सेकंद गप्प राहायचं, मग "हे ऐकणं फार जड गेलं असेल" एवढंच म्हणायचं. दहा सेकंद किती लांब असतात, हे शिक्षकाने हातात घड्याळ धरून दाखवलं की पटतं.

सराव पेशंटची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीबरोबर होतो. मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी हे तंत्र १९६३ मध्ये सुरू केलं. प्रसंग दहा मिनिटांचा असेल, तर चर्चेला वीस मिनिटं ठेवावीत. अडलं की "थांबा" म्हणून तोच तुकडा पुन्हा करता येतो. खऱ्या वॉर्डात ही सोय नाही.

शब्दही तपासावे लागतात. 'रिपोर्ट पॉझिटिव्ह' म्हणजे चांगली बातमी, असं समजणारे पेशंट असतात. शेवटी "घरी गेल्यावर हे कसं सांगाल?" असं विचारलं की कुठे गफलत झाली ते कळतं.

आणि रिपोर्ट अजून सांगितलेलाच नसेल तर? "मला माहीत नाही" असं खोटं बोलू नये, फोडूनही टाकू नये. "हे डॉक्टरांनी समजावून सांगायला हवं, मी त्यांना आत्ता कळवते; ते बोलतील तेव्हा मी सोबत थांबेन," असं म्हणावं आणि खरंच थांबावं. नंतर काय सांगितलं गेलं, पेशंटने काय विचारलं, हे त्याच शब्दांत नोंदवहीत लिहावं; नाहीतर पुढच्या पाळीची सिस्टर वेगळंच काही सांगून बसते.