४०४ त्रुटी : स्थानिक विकास-सर्व्हरवरील निदान

मागितलेल्या पत्त्यावर देण्याजोगे काही आढळले नाही, हे कळवणारा एचटीटीपी या ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या नियमावलीतील स्थितिसंकेतांक. संकेतस्थळ लोकांपुढे ठेवण्याआधी विकासक ते स्वतःच्याच संगणकावर सर्व्हर (पाने पुरवणारा प्रोग्राम) चालवून तपासतो. अशा स्थानिक सर्व्हरवर ही त्रुटी वारंवार भेटते, आणि तिची कारणे प्रत्यक्ष संकेतस्थळावरील कारणांहून बरीच निराळी असतात.

निदानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब ही, की ४०४ हे एक पूर्ण उत्तर आहे. सर्व्हर बंद असेल तर ब्राउझर ‘कनेक्शन नाकारले’ असे सांगतो, परवानगी नसेल तर बहुधा ४०३ येतो, प्रोग्राम कोसळला तर ५००. ४०४ आला, म्हणजे कोणत्या तरी सर्व्हरने विनंती स्वीकारली, पत्ता वाचला, आपल्या नियमांप्रमाणे तो एखाद्या फाइलशी वा मार्गाशी जुळवून पाहिला आणि जुळणी झाली नाही. म्हणून प्रश्न दोनच उरतात : उत्तर कोणत्या सर्व्हरने दिले, आणि त्याने कोठे पाहिले? सर्व्हर काढून पुन्हा स्थापित करण्याचा रूढ उपाय या दोन्ही प्रश्नांना बगल देतो, त्यामुळे तो सहसा वाया जातो.

संकेतांकाचा उगम : वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ मधील एचटीटीपीच्या पहिल्या रूपात (पुढे ०.९ म्हणून ओळखले गेलेले) स्थितिसंकेतांक नव्हतेच. अडचण आली तर तिचे वर्णन करणारे पानच परत येई; ते खरे पान की त्रुटी, हे यंत्राला ओळखता येत नसे. सुमारे १९९२ च्या मसुद्यात संकेतांकांची यादी दिसते आणि तीत ४०४ आहे. मे १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमावलींचे क्रमांकित दस्तऐवज) तो एचटीटीपी १.० चा भाग म्हणून नोंदला गेला. तीन अंकांची व पहिल्या अंकाने वर्ग दाखवण्याची मांडणी १९७० च्या दशकातील एफटीपी या फाइल-स्थानांतर नियमावलीवरून आली, असे सर्वसाधारणपणे मानतात; मात्र तेथे पहिला ४ हा ‘तात्पुरते अपयश’ दाखवतो, तर एचटीटीपीत ‘विनंती करणाऱ्याकडील दोष’. सर्न या संशोधनसंस्थेत ४०४ क्रमांकाच्या खोलीत पहिला सर्व्हर होता व त्यावरून हा अंक पडला, ही आख्यायिका पुष्कळ ठिकाणी उद्धृत होते. वेबच्या उभारणीत बर्नर्स-ली यांचे सहकारी असलेले रॉबर्ट कायो यांनी ती फेटाळली आहे. यादीतील क्रम पाहिला तर तिची गरजही भासत नाही : ४०० सदोष विनंती, ४०१ ओळख हवी, ४०२ पैसे हवेत, ४०३ मनाई, आणि त्यानंतरचा मोकळा अंक ४०४.

जून २०२२ च्या आरएफसी ९११० नुसार ४०४ चे दोन अर्थ होतात : सर्व्हरला सध्या ती वस्तू सापडली नाही, किंवा ती असल्याचे उघड करण्याची त्याची तयारी नाही. दुसरा अर्थ विकासकांच्या ध्यानात सहसा राहत नाही. प्रवेशाधिकार नसलेल्या वापरकर्त्याला ४०३ ऐवजी ४०४ देण्याची पद्धत अनेक प्रणालींत आहे. तेथे फाइल शोधत बसण्यापेक्षा आधी लॉग-इन तपासावे. वस्तू कायमची गेली आहे असे निश्चित सांगायचे असेल तर ४१० हा वेगळा संकेतांक आहे.

उत्तर कोणी दिले : त्रुटी-पानाचे रूपच बरेच सांगते. झॅम्प या तयार संचातील अपाचे हा सर्व्हर ‘ऑब्जेक्ट नॉट फाउंड’ असे मोठे शीर्षक देतो व तळाशी आवृत्ती छापतो. एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हरचे पान मधोमध ‘४०४ नॉट फाउंड’, खाली आडवी रेघ आणि सर्व्हरचे नाव, एवढेच असते. जावास्क्रिप्टमधील एक्सप्रेस ‘कॅनॉट गेट’ म्हणून पुढे मार्ग लिहितो. विंडोजवर ८० क्रमांकाचे पोर्ट (विनंत्या जेथे येतात ते क्रमांकित दार) मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सर्व्हरने आधीच धरलेले असते, विकासक अपाचेची वाट पाहत असतो आणि ४०४ आयआयएसकडून येत असतो, असे अनेकदा घडते. विंडोजवर नेटस्टॅट ही आज्ञा ए, एन, ओ या पर्यायांसह व लिनक्सवर एसएस ही आज्ञा एल, टी, एन, पी यांसह चालवल्यास पोर्ट कोणत्या प्रक्रियेकडे आहे ते दिसते. कर्ल या आज्ञेने लहान आय या पर्यायासह विनंती पाठवून उत्तरासोबत येणारे ‘सर्व्हर’ हे शीर्ष वाचणे ब्राउझरपेक्षा खात्रीचे, कारण ब्राउझर जुने कायमचे पुनर्निर्देशन (३०१) स्मरणात ठेवतो आणि भलत्याच पत्त्यावर जातो. मोठा आय वापरला तर पान मागणाऱ्या गेटऐवजी केवळ शीर्षे मागणारी हेड विनंती जाते व काही प्रणाली तिला वेगळे उत्तर देतात, एवढे लक्षात ठेवावे.

लोकलहोस्ट हे स्वतःच्याच संगणकाचे नाव १२७.०.०.१ या आयपीव्ही४ पत्त्याकडे जाते तसेच ::१ या आयपीव्ही६ पत्त्याकडेही. एकाच पोर्टवर दोन पत्त्यांवर दोन वेगळे सर्व्हर ऐकत असतील, तर लोकलहोस्ट लिहिल्यावर एक आणि अंक लिहिल्यावर दुसरा उत्तर देतो. नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या १७ व्या आवृत्तीपासून (ऑक्टोबर २०२१) पत्त्यांचा क्रम कार्यप्रणाली देईल तसाच ठेवला जातो. त्यानंतर हा घोळ अधिक वेळा दिसू लागला. दोन्ही पत्ते अंकांत लिहून पाहिल्यास उलगडा होतो.

एकाच सर्व्हरवर अनेक आभासी यजमान (वेगवेगळ्या नावांची संकेतस्थळे) असतील आणि मागितलेले नाव कोणाशीच जुळले नाही, तर अपाचे त्या पोर्टवरचा पहिला यजमान वापरतो. त्रुटी न देता चुकीच्या फोल्डरातून शोध घेतला जातो आणि ४०४ मिळतो. यासाठी नावांना पत्ते जोडणाऱ्या होस्ट्स फाइलमधील नाव व अपाचेच्या सर्व्हरनेम या निर्देशातील नाव अक्षरशः एक असावे. स्थानिक नावांना डॉट टेस्ट हा शेपूट सुरक्षित आहे. तो जून १९९९ च्या आरएफसी २६०६ ने चाचणीसाठीच राखून ठेवला आहे.

सर्व्हर कोठे पाहतो : अपाचेत डॉक्युमेंटरूट या निर्देशाने मूळ फोल्डर ठरतो. झॅम्पमध्ये तो एचटीडॉक्स असतो. डेबियन व उबुंटूच्या सध्याच्या आवृत्त्यांत व्हार, त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, त्यात एचटीएमएल. पत्त्यात मूळ फोल्डराच्या आतला भागच लिहायचा. ‘लोकलहोस्ट/एचटीडॉक्स/दुकान’ असे लिहिले तर सर्व्हर एचटीडॉक्सच्या आत आणखी एक एचटीडॉक्स शोधतो. पायथनचा अंगभूत सर्व्हर ज्या फोल्डरात आज्ञा दिली तोच मूळ धरतो, म्हणून टर्मिनल एक फोल्डर वर उघडले असले तरी सगळे पत्ते चुकतात. पीएचपी या भाषेचा अंगभूत सर्व्हर (५.४ आवृत्तीपासून, २०१२) लहान टी या पर्यायाने मूळ फोल्डर घेतो, त्यात नसलेल्या फाइलच्या पत्त्यात टिंब असेल तर तो इंडेक्स फाइलकडे न वळता सरळ ४०४ देतो.

विंडोज ज्ञात विस्तार लपवते, त्यामुळे नोटपॅडमध्ये जतन केलेली इंडेक्स डॉट एचटीएमएल प्रत्यक्षात शेवटी डॉट टीएक्सटी घेऊन बसलेली असते. रोमन अक्षरांच्या लहान-मोठ्या लिपीचा भेद विंडोज व मॅकवर सहसा मानला जात नाही, लिनक्सवर मानला जातो. चित्राच्या नावातला एक मोठा एल विंडोजवर चालतो आणि लिनक्सच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त वातावरणात) ४०४ देतो. नाव बदलताना केवळ लिपी बदलली तर विंडोजवरील गिट या आवृत्ती-नोंदणीच्या साधनाला ते बहुधा कळत नाही. बदल गिटच्या एमव्ही आज्ञेनेच करावा.

अंदाज बांधण्यापेक्षा लॉग, म्हणजे सर्व्हर लिहीत असलेली नोंदवही, वाचावा. एनजिनएक्स आपल्या त्रुटी-लॉगमध्ये उघडू पाहिलेल्या फाइलचा पूर्ण मार्ग लिहितो व पुढे क्रमांक देतो : २ म्हणजे फाइल नाही, १३ म्हणजे परवानगी नाही. रूट आणि अलियास या निर्देशांची गल्लत येथेच पकडली जाते. रूटमध्ये लोकेशनचा (पत्त्याचा जुळलेला) भाग मार्गाला जोडला जातो, अलियासमध्ये त्याची जागा नवा मार्ग घेतो. अपाचे २.४ मध्ये मात्र ‘फाइल अस्तित्वात नाही’ हा संदेश (एएच००१२८) इन्फो (माहिती) पातळीचा आहे व मूळ पातळी त्याहून वरची, वॉर्न (इशारा), असते, म्हणून तो लॉगमध्ये दिसतच नाही. लॉगलेव्हल तात्पुरती इन्फो करून सर्व्हर पुन्हा सुरू केला की दिसतो. पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएम या प्रोग्रामबरोबर पानावर नुसते ‘फाइल नॉट फाउंड’ एवढेच आले आणि लॉगमध्ये ‘प्रायमरी स्क्रिप्ट अननोन’ असेल, तर स्क्रिप्ट_फाइलनेम या चलाचा मार्ग चुकला आहे.

पुनर्लेखन व मार्गनियम : मुखपृष्ठ उघडते आणि आतली सर्व पाने ४०४ देतात, हे वर्डप्रेस व लाराव्हेल या पीएचपीतील प्रणालींमधील ठळक लक्षण आहे. आतली पाने फाइल म्हणून अस्तित्वात नसतात. पत्ता इंडेक्स डॉट पीएचपीकडे वळवावा लागतो. अपाचेत त्यासाठी रीराइट मॉड्यूल चालू हवे आणि अलाउओव्हरराइड ‘ऑल’ हवे, कारण २.४ मध्ये त्याचे मूळ मूल्य ‘नन’ असून फोल्डरातील नियमांची डॉट एचटीअ‍ॅक्सेस फाइल वाचलीच जात नाही. त्या फाइलमध्ये मुद्दाम निरर्थक ओळ घालावी : ५०० आला तर फाइल वाचली जाते, ४०४ कायम राहिला तर नाही. एनजिनएक्स ही फाइल कधीच वाचत नाही. तेथे ट्रायफाइल्स या निर्देशाच्या शेवटी ४०४ ऐवजी इंडेक्स डॉट पीएचपी लिहावे लागते. वर्डप्रेसमध्ये पर्मालिंकचे (पानांच्या कायम पत्त्यांचे) पान उघडून बदल न करता जतन केले तरी नियम नव्याने लिहिले जातात.

पायथनमधील जँगो डीबग (दोषशोधन) चालू असताना तपासून पाहिलेल्या पत्त्यांची यादीच छापतो, इतर चौकटींनीही हे करावे इतके ते उपयुक्त आहे. डीबग बंद केल्यावर त्याचा स्थानिक सर्व्हर स्टॅटिक (न बदलणाऱ्या) फाइली देणे थांबवतो आणि सजावटीच्या फाइलींवर ४०४ येतो. नोडमध्ये नवा मार्ग लिहूनही प्रक्रिया जुनीच चालू असते. ती थांबवून पुन्हा सुरू करावी. व्हीटसारखे सर्व्हर याउलट वागतात : अनोळखी पत्त्याला इंडेक्स पान व २०० (यशस्वी) देतात, आणि हरवलेली स्क्रिप्ट ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ प्रकाराची तक्रार म्हणून प्रकटते. तीही मुळात ४०४ च आहे.

देवनागरी नावे : ब्राउझर देवनागरी अक्षरे यूटीएफ-८ या संकेतनात बदलून टक्केचिन्हांसह पाठवतो, प्रत्येक संकेतबिंदूचे तीन बाइट, म्हणजे नऊ चिन्हे. मराठीत ‘दऱ्या’ सारखे शब्द दोन प्रकारे टंकले जातात : ऱ (यू+०९३१), हलन्त व ‘या’, किंवा साधा र, हलन्त, शून्यरुंदी जोडक (न दिसणारे चिन्ह) व ‘या’. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट वेगळे. लिनक्सवरचा सर्व्हर त्यांना दोन फाइली मानतो. शिवाय ऱ हे एक अक्षर म्हणून किंवा र व नुक्ता असे विभागूनही साठवता येते, आणि मॅकची जुनी एचएफएस+ प्रणाली विभागलेले रूपच ठेवी. नाव टंकण्यापेक्षा फाइलवरून नक्कल करून दुव्यात चिकटवावे. संकेतस्थळ इतर संगणकांवर जाणार असेल तर फाइलींची नावे रोमन ठेवून देवनागरी केवळ शीर्षकात वापरावी.

कंटेनर चालवणाऱ्या डॉकरमध्ये लहान व्ही या पर्यायाला दिलेला यजमान-मार्ग (आपल्या संगणकावरील फोल्डराचा) चुकला तर डॉकर त्याच नावाचा रिकामा फोल्डर तयार करतो व प्रत्येक फाइल ४०४ देते. आयआयएस उपसंकेतांक देतो : ४०४.३ म्हणजे फाइलच्या प्रकाराची नोंद नाही, ४०४.७ म्हणजे तो विस्तार मना आहे, ४०४.१३ म्हणजे पाठवलेला मजकूर ठरलेल्या मर्यादेपेक्षा (मूळ मूल्य ३,००,००,००० बाइट) मोठा आहे. लॉगमधील फॅव्हआयकॉनची (टॅबवरील चिन्हाची) व क्रोमच्या डेव्हटूल्सने ‘डॉट वेल-नोन’ खाली केलेली विनंती ब्राउझर आपणहून करतो. त्यांवरील ४०४ दुर्लक्षिण्याजोगे असतात.