पाठ व मानदुखीवरील व्यायामोपचार

कणा व मान यांना आधार देणाऱ्या स्नायूंची ताकद, तग धरण्याची क्षमता आणि हालचालीवरील ताबा टप्प्याटप्प्याने वाढवून दुखणे कमी करण्याची ही उपचारपद्धती असून फिजिओथेरपीत तिला मध्यवर्ती स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. यांतील सुमारे ९० टक्के रुग्णांत दुखण्याचे एकच नेमके कारण सापडत नाही. मणक्यांमधील गादी झिजल्याचा एमआरआय अहवाल हाती पडताच रुग्ण धास्तावतो. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात काहीही न दुखणाऱ्या विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांतही अशी झीज आढळली होती.

पूर्वी पाठ धरली की अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. अमेरिकेत टेक्सासमध्ये झालेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच गुणकारी ठरली, आणि कामावरची गैरहजेरी ४५ टक्क्यांनी घटली. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांच्या दवाखान्यात १९५६ मध्ये एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या पलंगावर चुकून पालथा झोपला आणि त्याचे पायात उतरणारे दुखणे थांबले. त्यातून पुढे मॅकेंझी पद्धत आकारास आली. तिच्यातील पालथे झोपून हातांवर छाती उचलण्याचा व्यायाम आपल्याकडच्या भुजंगासनाशी बराच जुळतो. पायातील कळ मागे हटून कमरेपाशी आली, तर कंबर थोडी अधिक दुखत असली तरी ते सुधारणेचे लक्षण मानतात.

बळकटीच्या व्यायामांना खरी चालना १९९६ मध्ये मिळाली. क्वीन्सलँड विद्यापीठातील पॉल हॉजेस व कॅरोलिन रिचर्डसन यांनी दाखवले की निरोगी माणसाने हात उचलण्याआधीच पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू आकुंचन पावतो, कंबरदुखी असलेल्यांत मात्र त्याला उशीर होतो. यानंतर केवळ खोल स्नायूंच्या व्यायामांची लाटच आली. पण दीर्घकालीन तुलनांत ते इतर व्यायामांपेक्षा फारसे सरस ठरले नाहीत. त्यामुळे कोणता व्यायाम निवडला यापेक्षा तो नियमाने आणि हळूहळू भार वाढवत केला का, याला अधिक महत्त्व द्यावे लागते. कॅनडातील कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचा एक प्रचलित व्यायाम असा : गुडघे व तळहात जमिनीवर टेकून उजवा हात व डावा पाय एकाच वेळी सरळ ताणायचे, कंबर खाली झुकू न देता सुमारे दहा सेकंद धरायचे, मग बाजू बदलायची.

मानेसाठी प्रथम पुढच्या बाजूचे खोल स्नायू जागे करतात. रुग्ण उताणा झोपतो, मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवून तिच्यातील दाब २० मिमी पाऱ्याइतका केला जातो आणि ‘हो’ म्हणताना होते तेवढीच बारीक हालचाल हनुवटीने करत हा दाब दोन-दोनने ३० पर्यंत नेऊन प्रत्येक पायरीवर दहा सेकंद टिकवायचा असतो. गळ्याच्या बाजूचे मोठे स्नायू टरारून वर आले, की प्रयत्न चुकला असे समजावे. फिनलंडमध्ये जुनी मानदुखी असलेल्या १८० कार्यालयीन महिला कर्मचाऱ्यांवरील, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभराच्या बळकटीच्या व्यायामांनी दुखणे स्पष्टपणे कमी झाले.

ट्रॅक्शन (कणा ताणण्याचा उपचार), कंबरपट्टा आणि अल्ट्रासाउंडचे मशिन हेच म्हणजे फिजिओथेरपी, अशी अनेकांची समजूत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम व रुग्णशिक्षण यांची शिफारस असून या तिन्ही गोष्टी नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत असे म्हटले आहे. शेकाने तात्पुरता आराम पडतो. व्यायामाचा परिणाम दिसायला सहसा काही आठवडे जातात, आणि सुरुवातीला स्नायू थोडे आंबले तरी ते इजेचे लक्षण नसते.

लघवी वा शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरपणा, पायातील वाढता अशक्तपणा, ताप, कारणाविना वजन घटणे किंवा अपघातानंतरचे दुखणे असल्यास व्यायाम सुरू न करता तातडीने डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते.